हरणांनी कातरलेलं बेट

हॉटेलची चिमणी साफ करायची म्हणून शेठनी गोल्डन वीकच्या, म्हणजे इथल्या एप्रिल-मेच्या जोडसुट्टीत शटर खाली ओढलं. आता खोलीत पडून गावाकडचे फोन घ्यायचे, नाहीतर कुठंतरी निघून जायचं. मी निघून जाणारा माणूस आहे. नववीत शाळेतून निघालो, मग गावातून, मग पुण्यातल्या एकामागून एक हॉटेलांतून, आणि आता तोक्योत हिगाशी-कसाई नावाच्या भागात तंदूरच्या तोंडाशी उभा असतो. इथूनही निघेन कधीतरी.

गावाकडच्या फोनचं आधी सांगतो, कारण ते या ट्रिपभर माझ्या मानगुटीवर बसून होते. आमचं गाव माण तालुक्यात. आबांकडे, म्हणजे वडलांकडे, शेरडं आहेत. पुण्या-मुंबईचे लोक बकऱ्या म्हणतात, आमच्याकडे शेरडं. गावामागचा डोंगर हाच त्यांचा दाणा-वैरण. यंदा सरपंचांनी डोंगराला तारेचं कुंपण मंजूर करून आणलं. पूर्ण डोंगर चराईला बंद, आत झाडं लावायची, पाणी मुरवायचं. ठराव एक मेच्या ग्रामसभेत. डोंगर बंद झाला तर आबांनी शेरडं न्यायची कुठं, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं, आणि कोणी शोधतही नव्हतं.

आबांचं म्हणणं, "तू तिकडनं बोल. तुझं ऐकत्यात. तू जपानात हायस."

सरपंचांचं म्हणणं, "दत्ता, सभेत तुझा फोन स्पीकरवर लावतो. तुझ्या बापाला तूच समजावू शकतोस. तू जग बघितलंयस."

जग म्हणजे तंदूर आणि त्यापलीकडची भिंत, पण असो. मी आबांना शब्द दिला होता की विरोधात बोलेन. लहानपणापासून फॉरेस्ट गार्डचं ऐकून घेतलंय, तुमच्या शेरडांनी डोंगर बोडका केला म्हणून. पुस्तकातही तोच धडा होता, आणि गुरुजींनी तो वाचायला अख्ख्या वर्गातून मलाच उभं केलं होतं. पोरं हसली होती. त्यामुळे काय बोलायचं ते माझं तयार होतं.

आबांना दिवसा फोन लागत नाही. डोंगरावर रेंज नाही. दिवस मावळून शेरडं कोंडली की मगच ते हातात फोन घेतात. मला त्याची सवय आहे. दिवसा मुलगा असल्यासारखं वाटायचं नाही, तेवढीच मोकळीक.

तर ट्रिप. आमच्या हॉटेलात एक जोडपं नेहमी येतं. केतनदादा पुण्याचे, सॉफ्टवेअरवाले. मेन्यूत नसलेली मिसळ मागतात आणि मी करून देतो. मुग्धावहिनी नवऱ्यामागे इथं आल्या, पहिली काही वर्षं घरात बसून भिंतीशी बोलल्या (हे त्यांचेच शब्द), आणि आता रोज ट्रेननं त्सुकुबाला एका संस्थेत जातात. तिथं सुकवलेली झाडं कागदावर चिकटवायचं काम करतात. जुने कागद उसवले की नीट करायचे, नवीन आले की लावायचे.

"दत्ता, येतोस का? मागची सीट रिकामी आहे," वहिनी म्हणाल्या.

"कुठं?"

"किंकासान. उत्तरेकडे बेट आहे एक. माझ्याकडच्या कितीतरी कागदांवर त्या बेटाचं नाव असतं. ती झाडं आता तिथं दिसत नाहीत म्हणतात. हरणांनी खाल्ली."

"आणि तिथल्या देवळात लागोपाठ तीन वर्षं गेलं की जन्मभर पैशाची ददात नाही," केतनदादा म्हणाले. "माझं हे तिसरं वर्ष. ही पहिल्यांदाच येतेय."

"मग दोन वर्षांत फरक पडला का काही?"

"गाडीचे हप्ते वाढलेत फक्त."

माझी पहिलीच वारी, म्हणजे अजून दोन वर्षं गरिबी पक्की. निघालो.

जाणार असाल तर एक ऐका, गोल्डन वीकमध्ये जाऊ नका. जोबान एक्स्प्रेसवेवर अख्खं तोक्यो आमच्यापुढे उभं होतं. त्सुकुबाचा फाटा आला तेव्हा वहिनींनी काचेतून बोट दाखवलं, "माझं ऑफिस त्या बाजूला." दिसत काहीच नव्हतं. पुढे फुकुशिमात रस्त्याकडेला बोर्ड आहेत, हवेत किरणं किती ते आकड्यांत दाखवणारे. केतनदादांनी काच वर घेतली. काचेनं काय थांबतं देव जाणे. टोल दणकून लागतो. गाडी नसेल तर शिनकानसेन या बुलेट ट्रेननं सेंदाई, तिथून लोकलनं इशिनोमाकी आणि पुढे बस. बस कमी आहेत, चुकली तर स्टेशनवर बसा.

खाण्याचं म्हणाल तर मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून घेतली होती. सर्व्हिस एरियात शाकाहारी माणसानं आईस्क्रीम आणि बटाट्यावर जगायचं असतं.

इशिनोमाकीनंतर ओशिका नावाच्या लांबट भूशिराचा रस्ता लागतो. आमच्या घाटांना लाजवेल इतकी वळणं. केतनदादा पुण्यात शिकलेलं सगळं ड्रायव्हिंग विसरून मुंगीच्या चालीनं गेले. अयुकावा हे टोकाचं बंदर. त्सुनामीत गाव वाहून गेलं होतं, आता सगळं नवं, कोरं, आणि माणसं कमी. इथं पूर्वीपासून व्हेल मारतात. राहिलो ते घरगुती लॉज होतं. वहिनींनी मांस नाही, मासे नाहीत असं सांगितल्यावर मालकीणबाईंनी समुद्री शेवाळ, तोफू आणि भात आणला आणि चारवेळा माफी मागितली. मी व्हेल मागवला. डिझेलच्या बोटीत शिजवलेली कलेजी खायची इच्छा असेल तर जरूर घ्या.

सकाळी बोट. रोज असते असं समजू नका, आधी फोन करून विचारा. भाडं जाऊन-येऊन आमच्या हॉटेलातल्या दोन थाळ्यांच्या आसपास. बेटावर दुकान नाही असंच धरून पाणी आणि खाणं बरोबर न्या. बोटीत बहुतेक म्हातारी जपानी जोडपी होती, सगळी केतनदादांसारखीच पैशाच्या आशेनं आलेली.

उतरल्यावर पहिली नजर पडली ती हिरवळीवर. धक्क्यापासून देवळाच्या चढापर्यंत अशी एकसारखी हिरवळ की झोपावं. मध्ये मध्ये गोल गोल कातरलेली झुडपं.

"यंदाही मेंटेनन्स चोख," केतनदादा म्हणाले. "गोल्फ कोर्स वाटतोय."

"माळी तो बघ," वहिनी म्हणाल्या.

माळी खाली मान घालून चरत होता. हरिण. मग दुसरं दिसलं, मग सगळीकडे. गवत सारखं खाल्लं की जमिनीला चिकटून राहणारीच जात टिकते, ती ही हिरवळ. उंच वाढणारं गवत केव्हाच गेलं. झुडपं गोल का, तर काटेरी. काट्यांबाहेर आलेलं प्रत्येक कोवळं पान हरणं खुडतात, म्हणून चेंडू. मला हे सांगावं लागलं नाही. आमच्या डोंगरावर बोराटीची जाळी अशीच असते. मी लहानपणी त्या जाळ्यांना शेरडांचे लाडू म्हणायचो. इथं जपानी बायका त्या लाडवांजवळ उभ्या राहून फोटो काढत होत्या.

देवळात दर्शन घेतलं. केतनदादांनी बराच वेळ हात जोडले. बाहेर येऊन ते बाकावर दशमी सोडतात तोच एका हरणानं पिशवीत तोंड घालून कागदासकट दशमी पळवली.

"तिसऱ्या वर्षाचा प्रसाद," मी म्हणालो.

"त्याचं पहिलंच वर्ष असेल," ते म्हणाले.

हसलो, पण त्या हरणाकडे नीट पाहिल्यावर माझं हसू गेलं. बरगड्या दिसत होत्या, ढुंगणाची हाडं वर आली होती, अंगावरची लव उडालेली. वसंत आलेला, झाडांना पालवी फुटलेली, आणि जनावर हे असं. दुष्काळात छावणीवर आणलेली गुरं अशी दिसतात. फोटोंत तुम्हाला इथली हरणं गोड दिसतील. शिंगांपासून मागे बघत या.

देवळामागून डोंगरमाथ्याकडे वाट जाते. वाट बऱ्याच जागी खचलेली आहे, बूट चांगले घाला. आत बीच नावाची मोठमोठी झाडं, मिठीत न मावणारी. त्यांच्याखाली काही नाही. म्हणजे खरंच काही नाही. माती, उघडी मुळं, दगड, आणि हरणांना न आवडणारे नेचे. रोपटं नाही, मनगटाएवढं झाड नाही, कमरेएवढं नाही. सगळी म्हातारी झाडं, त्यांना एक पोर नाही. आमच्या गावातनं फिरलं की हेच दिसतं, पारावर म्हातारी आणि मधली पिढी पुण्याला. फक्त आम्हाला कोणी खाल्लं नव्हतं.

"दर वर्षी बिया पडतात," वहिनी म्हणाल्या. "उगवतातही. बोटभर झाली की संपतात. ही झाडं पडतील तेव्हा यांच्या जागी यायला कोणी नाही."

वर पाहिलं तर सगळ्या झाडांची पानं एकाच उंचीवर थांबलेली, पट्टी लावून छाटल्यासारखी. हरिण मान ताणून पोचेल तिथपर्यंत रिकामं, वर हिरवं. मला ती रेघ ओळखीची होती. आमची शेरडं मागच्या पायांवर उभी राहतात, म्हणून आमची रेघ थोडी वर असते, एवढाच फरक. ज्या गोष्टीसाठी मी गार्डला मनात शिव्या घातल्या होत्या, ती इथं देवाच्या नावानं अख्ख्या बेटभर आखलेली होती. आणि खोटं बोलायला जागाच नव्हती.

मग जाळीचं कुंपण आलं. चौकोन, आमच्या हॉटेलएवढाही नसेल. आत जे होतं ते बघून मी थांबलो. माणसाच्या छातीएवढं गवत, गेल्या वर्षीचं वाळलेलं आणि त्यातून येणारं नवं. झुडपं एकमेकांत घुसलेली. बारीक बारीक बीचची रोपं. वहिनी जाळीला नाक लावून उभ्या होत्या. एका रोपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही लिली. माझ्याकडे तपकिरी कागद झालीये. जिवंत आज बघते." त्यांचे डोळे भरले होते. केतनदादांनी पाण्याची बाटली पुढे केली. नवऱ्यांना अशावेळी दुसरं काही सुचत नाही.

आत सगळं, बाहेर काही नाही, मध्ये जाळी. माझ्या डोक्यात सरपंचांचा आवाज चालू झाला. त्यांनी हेच सांगितलं होतं. मला त्या जाळीचा राग आला.

तेवढ्यात एक मादी आली. पोटुशी होती, आणि बाकी अंगावर मांस नव्हतं. ती जाळीला तोंड लावून आतल्या गवताकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तुम्ही शेरडांमागे वाढला असाल तर ही नजर तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडे अशावेळी आकडी वापरतात, लांब काठीला लोखंडी आकडा. फांदी अडकवायची, खाली ओढायची, शेरडं तुटून पडतात. माझ्या हातात कोम्बिनीतली, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली पारदर्शक छत्री होती. मूठ वाकडी. मी विचार केला नाही. मूठ डोक्यावरच्या एका कोवळ्या फांदीला अडकवली, खाली ओढली आणि तोंडातून आबांसारखी हाळी निघून गेली.

ती आली. आणि मागून आणखी आली, कुठून आली कळलं नाही. एकमेकांना ढकलत, पाय देत. पोटुशी मादी बाजूला पडली. फांदीचं एक पान राहिलं नाही, साल सोलायला लागली. मी छत्री सोडवली तशी फांदी वर गेली, नागडी, त्या रेघेच्या वर एकटीच नागडी. दोन क्षण मी खूष होतो, ते नाकारत नाही. कितीतरी वर्षांनी जनावरं माझ्या हाळीला आली होती.

"दत्ता," वहिनी म्हणाल्या, एवढंच.

जाळीच्या पलीकडच्या कोपऱ्यातून एक आजोबा आले. हातात दोरी आणि प्लास्टिकच्या पट्ट्या. जाळी फाटते, झाडं पडून खांब वाकतात, ते बघायला काही लोक आपणहून येतात, त्यांतले ते. एक खांब पडला तर आतलं सगळं जायला वेळ लागत नाही, म्हणाले. मला वाटलं आता ऐकवतील. त्यांनी फांदीकडे पाहिलं, हरणांकडे पाहिलं, आणि अगदी नम्रपणे बोलले. माझी जपानी किचनपुरती, वहिनींनी सांगितलं.

"म्हणतायत, उद्या ही सगळी याच झाडाखाली येऊन उभी राहतील. तू नसशील."

मी वाकून माफी मागितली. मग न राहवून वहिनींना म्हणालो, विचारा त्यांना, एवढी जास्त झाली तर कमी का करत नाहीत.

आजोबांनी वाकलेल्या खांबाला पट्टी गुंडाळली. "देवाची आहेत." मग पट्टी ओढून घट्ट करत म्हणाले, "कडक हिवाळ्यात मरतात. खूप मरतात. ते चालतं."

आमच्या शेरडांना निदान खाटीक आहे. आणि त्यांच्यामागे काठी घेतलेला एक माणूस आहे, जो सांगतो, चला, इथलं बास, आता पलीकडे. या हरणांना पलीकडे समुद्र होता. मारायचं नाही, हलवायचं नाही, भुकेनं मरू द्यायचं आणि त्याला पवित्र म्हणायचं. मी मनात बरंच बोललो. वरून फक्त आभाराचं "अरिगातो" म्हणालो.

परतीच्या बोटीत मी वहिनींना विचारलं, "मग आमचा डोंगर बंद करावा का?"

"तुझा डोंगर मी बघितला नाही रे. कुंपणात उगवतं, ते तू बघितलंस."

"आणि बाहेर?"

"बाहेर तोंडं तेवढीच, जागा कमी. तेही बघितलंस."

केतनदादा बोट लागल्यामुळे डोळे मिटून होते. तसेच म्हणाले, "पाळी लावा. एक तुकडा बंद, बाकी चालू. तो उगवला की पुढचा बंद. आम्ही सर्व्हरला हेच करतो. सगळं एकदम बंद केलं तर क्लायंट मारेल."

मला पटलं. इतकं सरळ वाटलं की गाडीत तेच घोकत आलो. आबांना दिलेला शब्द अर्धा मोडणार होता, पण शेरडं वाचणार होती. विरोधात बोलून काय होतं? फॉरेस्टवाले फोटो दाखवतात आणि तुम्ही तोंडघशी पडता. मी खरं बोलणार होतो.

एक मे. मी हिगाशी-कसाईतल्या माझ्या खोलीत, गावचे लोक मंदिराच्या मंडपात, मध्ये सरपंचांचा फोन. त्यांनी माईकला फोन लावला. मी सांगितलं, मी आत्ताच एका बेटावर जाऊन आलो, तिथं जनावरांनी सगळं खाल्लंय, पण कुंपण घातलं तिथं छातीएवढं गवत आलंय, माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी पहिल्यांदा.

मग मी पुढचं सांगितलं. डोंगर एकदम बंद करू नका, तुकडे पाडा, पाळीनं बंद करा, शेरडांना चालायला जागा ठेवा, नाहीतर बाकीच्या माळाचं बेट होईल. हे मी दोनदा सांगितलं. टाळ्या थांबल्यावरही सांगितलं. सरपंच म्हणाले, "दत्ता, ते नंतर बघू. कुंपण पूर्ण डोंगराचं मंजूर आहे, तुकड्यांचं नाही. तू फार चांगलं बोललास."

तिकडे दिवस मावळताच आबांना फोन लावला.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "कुंपणात लई उगवतंय म्हणं."

"आबा, मी पुढचं पण बोललो."

"हां. पुढचं कुणी लिवून घेतलं न्हाई."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला विचारलं, ती हरणं दिसायला कशी होती. मी सांगितलं. ते म्हणाले, "पोटुशीला आधी द्यायचं असतंय. बाकीच्यास्नी काठीनं मागं सारायचं. इसरलास."

कुंपण झालं. शेरडं थोडी थोडी करून बाजारात गेली. शेवटची कधी गेली ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पावसाळा संपल्यावर सरपंचांनी फोटो पाठवला. डोंगर हिरवा आहे. फोटोत खोटं काही नाही. मी वहिनींना दाखवला, त्यांनी बोटांनी मोठा करून किती वेळ बघितला, गवताच्या दोन जाती ओळखल्या, आणि मग माझ्याकडे बघून फोन परत दिला. केतनदादांनी मिसळ अर्धी ठेवली.

किंकासानला जायचं तर जा. बूट चांगले, पाणी बरोबर, बोटीची वेळ विचारून. हरणांना काही देऊ नका. कुंपणाशी उभे राहाल तेव्हा आतलं बघा, मग पाठ फिरवून बाहेरचंही तेवढाच वेळ बघा. घरी येऊन सांगाल तेव्हा आधी बाहेरचं सांगा. टाळ्या पहिल्या वाक्यालाच पडतात.

परवा दुपारच्या गर्दीआधी तंदूर तापत होता, म्हणून सहज आबांना फोन लावला. लागणार नाही हे धरूनच. तिकडे सकाळ होती, ऊन चढायची वेळ, डोंगरावर असायची वेळ. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल," आबा म्हणाले. "रिकामाच हाय."

आता मी कधीही फोन करतो. पहिल्याच रिंगला उचलतात.